मोठा कूलर, उंच रॅम आणि मधले काही मिलिमीटर

संगणकाच्या प्रोसेसरसाठी दोन टॉवरचा (धातूच्या पात्यांचे दोन उभे गठ्ठे असलेला) मोठा एअर कूलर घ्यायचं ठरलं की नवीन माणूस बहुधा एकच आकडा पाहतो: कॅबिनेटमध्ये किती उंचीचा कूलर मावतो. कूलर १६५ मिमी, कॅबिनेटची मर्यादाही १६५ मिमी, म्हणजे जमलं. मग सगळं जोडून झाल्यावर पुढचा पंखा लावायला जावं तर तो रॅमच्या डोक्यावर अडतो. पंखा वर सरकवावा तर बाजूची काच बंद होत नाही. इथेच घोडं पेंड खातं, आणि तोवर कूलरचा खोका फाडलेला असल्यामुळे दुकानदारही परत घेत नाही.

हा सगळा त्रास खरेदीच्या आधी पट्टी घेऊन बसलं तर टळतो. मोजायचं काय, जोडायचं कोणत्या क्रमाने, आणि ओव्हरक्लॉक केलेल्या (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेल्या) मशीनमध्ये रॅमची इतकी काळजी का घ्यायची, ते एका उदाहरणावरून पाहू. प्रोसेसर रायझन ७ ७७००एक्स, मदरबोर्ड एएम५ सॉकेटचा, कूलर नॉक्टुआ एनएच-डी१५, रॅम जी.स्किलची ट्रायडेंट झेड५ निओ आरजीबी, १६ जीबीच्या दोन स्टिक, वेग ६०००. कॅबिनेट घरात आधीपासून असलेलं एनझेडएक्सटी एच५१०. तुमचा संच वेगळा असेल, पण हिशोब हाच राहील.

तीन उंच्या, एक बेरीज

पहिली उंची कॅबिनेटची: मदरबोर्डपासून बाजूच्या काचेपर्यंत कूलरसाठी किती जागा आहे. एच५१० मध्ये ती १६५ मिमी आहे, कॉर्सेअर ४०००डी मध्ये १७०, लियान ली लॅनकूल २१६ मध्ये १८०. दुसरी उंची कूलरची, पंख्यांसकट. डी१५ ची ती १६५ मिमी. तिसरी उंची रॅमची, आणि नेमकी हीच लोक विसरतात.

रॅमची नुसती हिरवी किंवा काळी पट्टी साधारण ३१ मिमी उंच असते. त्यावर कंपन्या ॲल्युमिनियमचं आवरण चढवतात, वर दिव्यांची पट्टी लावतात, आणि उंची वाढत जाते. किंग्स्टन फ्युरी बीस्ट डीडीआर५ बिनदिव्यांची घेतली तर ३४.९ मिमी. आपल्या उदाहरणातली ट्रायडेंट झेड५ आरजीबी ४४ मिमी. कॉर्सेअरची डॉमिनेटर प्लॅटिनम आरजीबी तर पन्नाशी ओलांडते.

आता कूलरच्या माहितीपत्रकात आणखी एक आकडा शोधा: पुढचा पंखा नेहमीच्या जागी असताना त्याच्याखाली किती उंचीची रॅम बसते. डी१५ साठी हा आकडा ३२ मिमी आहे. रॅम त्याहून उंच असेल तर जेवढा फरक, तेवढा पंखा वर सरकवावा लागतो आणि तेवढीच कूलरची एकूण उंची वाढते.

आपल्या संचाचा हिशोब करू. रॅम ४४, खालची जागा ३२, फरक १२. म्हणजे १६५ अधिक १२, एकूण १७७ मिमी. एच५१० मध्ये अशक्य. ४०००डी मध्येही अशक्य. लॅनकूल २१६ मध्ये आरामात. बुटकी समजली जाणारी ३४.९ मिमीची रॅम घेतली तरी बेरीज १६८ च्या जवळ जाते, म्हणजे ४०००डी मध्ये बसेल पण एच५१० मध्ये नाही. जिथे कूलर आणि कॅबिनेटचे आकडे तंतोतंत जुळतात, तिथे अशी ३ मिमीची चूकही महागात पडते.

याउलट डीपकूल एके६२० पाहा. उंची १६० मिमी, पंख्याखाली रॅमला जागा ४३ मिमी. तीच ४४ मिमीची रॅम लावली तर पंखा १ मिमी वर, एकूण १६१. तो एच५१० मध्ये बसतो. कोणता कूलर चांगला हा प्रश्न इथे नाहीच. तुमच्या कॅबिनेटला आणि रॅमला कोणता चालतो, हे आधी पाहायचं.

काही जणांना वाटतं, दोनच स्टिक लावल्या तर प्रोसेसरजवळचा पहिला स्लॉट रिकामा राहतो, मग पंखा तिथे मावेल. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात हे खरं. पण मोठ्या कूलरचा २५ मिमी जाडीचा पंखा सहसा एकापेक्षा जास्त स्लॉटवर येतो. त्यामुळे रिकाम्या पहिल्या स्लॉटवर विसंबू नका. आणि पंख्याला वाट करून देण्यासाठी स्टिक दुसऱ्या जोडीत सरकवणं तर मुळीच नको. ६००० सारख्या वेगाला त्या जागी मशीन बहुधा अडखळतं.

ओव्हरक्लॉकमध्ये रॅमलाही हवा लागते

एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमचा खोक्यावरचा वेग लागू करणारी तयार सेटिंग; पहिली इंटेलची, दुसरी एएमडीची) सुरू करणं हेसुद्धा ओव्हरक्लॉकच आहे, मग ते एका क्लिकवर होत असलं तरी. डीडीआर५ चा ठरलेला व्होल्टेज १.१ आहे, ६००० सीएल३० (सीएल म्हणजे रॅमला उत्तर द्यायला लागणारा वेळ, क्लॉकच्या ठोक्यांत) च्या बऱ्याच स्टिक १.३५ व्होल्टवर चालतात. शिवाय डीडीआर५ मध्ये व्होल्टेज सांभाळणारी चिप स्टिकवरच असते, पूर्वीसारखी मदरबोर्डवर नाही. म्हणजे उष्णतेचा आणखी एक उगम स्टिकवर आला.

मेमरीचे सेल उष्णतेत चार्ज लवकर गमावतात, म्हणून त्यांना सतत रिफ्रेश करावं लागतं. टायमिंग (मेमरीच्या प्रत्येक कामाला दिलेला वेळ) आवळून बसवलेली रॅम ४५ अंशांना तासन् तास बिनचूक चालते आणि ६० च्या आसपास चुका करू लागते, हे नेहमी दिसणारं चित्र आहे. आणि या चुका दरवेळी निळ्या स्क्रीनच्या रूपाने येत नाहीत. कधी गेम बंद पडतो, कधी झिप फाइल उघडत नाही, कधी विंडोजचं अपडेट अडकतं. माणूस प्रोसेसरवर, ग्राफिक्स कार्डवर संशय घेत राहतो.

म्हणूनच माझं स्पष्ट मत: मोठा एअर कूलर लावणार असाल तर बुटकी रॅम घ्या. त्याच वेगाची, त्याच टायमिंगची रॅम ३३ ते ३५ मिमी उंचीत मिळते. उंच आवरणाने तापमानात जो फरक पडतो, त्याहून मोठा फरक स्टिकमधून हवा वाहण्याने पडतो, आणि कूलरचा पुढचा पंखा आपल्या जागी असेल तर तो ही हवा थोडीफार खेचतो. दिवे हवे असतील तर हौसेला मोल नाही, पण मग कूलर आणि कॅबिनेट त्या उंचीप्रमाणे निवडा.

चार स्टिकचा मोह टाळा, हेही इथेच सांगतो. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीने दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना ३६०० हा वेग अधिकृत म्हणून दिला आहे. चारही स्लॉट भरले की मेमरी कंट्रोलरवर भार येतो, स्टिकच्या मधून हवा जाईनाशी होते, आणि पंख्याखाली जागेचा प्रश्न तर उभाच. ३२ जीबी हवी असेल तर १६ च्या दोन, ६४ हवी असेल तर ३२ च्या दोन.

रॅम आणि कूलर आधीच घरात असतील तर

पैसे खर्च होऊन गेले असतील तरी वाटा आहेत. सगळ्यात सोपी म्हणजे पुढचा पंखा लावायचाच नाही. डी१५ एकट्या मधल्या पंख्यावर चालवला तर रॅमला ६४ मिमी जागा मिळते आणि तापमान थोडंच वाढतं. ७७००एक्स साठी हे पुरेसं आहे, कारण तो मूळ सेटिंगवर १४२ वॅटच्या आसपास थांबतो. पूर्ण जोर लावल्यावर २५३ वॅट खाणाऱ्या कोअर आय९-१३९००के साठी मात्र मी असं करणार नाही.

दुसरी वाट, पुढचा पंखा काढून मागच्या टॉवरच्या मागे लावायचा, म्हणजे तो ढकलण्याऐवजी ओढेल. यासाठी मागच्या बाजूचा कॅबिनेटचा पंखा आणि मदरबोर्डवरची धातूची आवरणं आड येत नाहीत ना, ते पाहा. तिसरी वाट, पुढे १४० ऐवजी १२० मिमीचा पंखा. तो आकारानेच लहान, त्यामुळे वरच्या कडेला फार न वाढता रॅमच्या वर बसवता येतो.

रॅमचं आवरण काढून टाकण्याचे व्हिडिओ दिसतील. करू नका. ते चिकट पट्टीने घट्ट बसलेलं असतं, ओढताना चिप उखडू शकते, आणि वॉरंटी तर जातेच.

जोडणीचा क्रम

पहिलं काम, मदरबोर्ड कॅबिनेटच्या बाहेर, त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. एसएमपीएसची (वीजपुरवठ्याच्या खोक्याची) वायर अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावून बटण बंद ठेवा आणि काम करताना अधूनमधून एसएमपीएसच्या धातूच्या खोक्याला हात लावा, म्हणजे अंगावरचा स्थिर विद्युतभार निघून जाईल. जुन्या घरांमध्ये तीन पिनचं सॉकेट असतं पण अर्थिंग जोडलेलं नसतं. इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या.

प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवा. त्यानंतर लगेच रॅम, कूलरच्या आधी. दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटची क्लिप उघडा, स्टिकची खाच जुळवा, दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबा, टक् असा आवाज यायला हवा. काही बोर्डवर एकाच टोकाला क्लिप असते. तिथे दुसरं टोक नीट खाली गेलं आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. मोठा कूलर बसल्यावर इथे बोट पोचत नाही. एम.२ एसएसडी प्रोसेसरजवळच्या स्लॉटमध्ये लावायची असेल तर तीही आत्ताच.

आता कूलरचा सांगाडा. एएम५ बोर्डवरचे प्लॅस्टिकचे दोन कंस चार स्क्रू काढून बाजूला करा. मागची धातूची पट्टी सॉकेटलाच जोडलेली असते, ती जागची हलत नाही. जुन्या एएम४ बोर्डवर हीच पट्टी स्क्रू काढल्यावर खाली पडते, म्हणून तिथे एक हात बोर्डच्या खाली ठेवावा लागतो. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटवर छिद्रांमधलं अंतर ७८ मिमी आहे, त्याआधीच्या १२०० वर ७५ होतं. त्यामुळे जुना कूलर नव्या बोर्डवर नेत असाल तर त्याच्या कंपनीकडून नवा किट मागवा. जुना ओढूनताणून बसवू नका.

कूलरच्या तळाला चिकटलेली पारदर्शक फिल्म काढा. हे सांगायची गरज वाटणार नाही, पण फिल्मसकट बसवलेले कूलर दुरुस्तीला येतच असतात. प्रोसेसरवर थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारी) घाला: मधोमध वाटाण्याएवढा थेंब आणि चार कोपऱ्यांकडे चार बारीक ठिपके. पसरवत बसू नका, दाबाने ती आपोआप पसरते. पेस्टऐवजी वापरतात ते लिक्विड मेटल पहिल्या मशीनला नकोच. ते वीज वाहून नेतं आणि ॲल्युमिनियमला खाऊन टाकतं.

दोन्ही पंखे काढून नुसता धातूचा कूलर सरळ वरून खाली ठेवा. मधला पंखा लावलेला असेल तर स्क्रूपर्यंत लांब स्क्रूड्रायव्हर जात नाही. एका स्क्रूला दोन आटे, मग दुसऱ्याला दोन, असं आलटून पालटून आवळा, आणि स्क्रू स्वतःहून थांबला की तुम्हीही थांबा. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडे गेलात तर कूलर तिरका बसतो. त्याचा परिणाम फक्त तापमानावर होत नाही, रॅमवरही होतो, त्याबद्दल पुढे.

पंखे लावण्याआधी प्रोसेसरची आठ पिनची पॉवर वायर कॅबिनेटमध्ये कुठून येणार ते पाहून ठेवा. डी१५ सारख्या कूलरमागे तो कोपरा जवळजवळ झाकला जातो. बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवा, स्क्रू लावा, आठ पिनची वायर जोडा, आणि मगच पंखे. आधी मधला, मग पुढचा. पंख्याची उघडी बाजू हवा आत घेते, जाळीसारखी दांड्यांची बाजू हवा बाहेर सोडते. दोन्ही पंख्यांची हवा कॅबिनेटच्या मागच्या दिशेने जायला हवी. पुढचा पंखा रॅमच्या वर अलगद येऊ द्या. टेकला तर एखादा मिलिमीटर वर घ्या, नाहीतर त्याची थरथर स्टिकवर जाते आणि आवाजही येतो.

आता काच लावून पाहा. ग्राफिक्स कार्डही लावा, कारण रुंद कूलर आणि पहिला पीसीआय स्लॉट यांची काही बोर्डवर टक्कर होते. अशा बोर्डसाठी नॉक्टुआचाच डी१५एस आहे. त्याचा धड एका बाजूला सरकवलेला असतो.

पहिल्यांदा सुरू करताना

एएम५ वर पहिल्यांदा बटण दाबलं की स्क्रीन बराच वेळ काळीच राहते. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. कित्येक मिनिटं लागू शकतात. या वेळी घाबरून वीज बंद करू नका.

बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या प्रोग्राममध्ये) गेल्यावर आधी नवीन बायोस टाका आणि मगच एक्सपो सुरू करा. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणाऱ्या व्होल्टेजवर) १.३ ची मर्यादा आणली, ती नव्या बायोसमध्ये आहे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या के मालिकेसाठीही हे तितकंच महत्त्वाचं. जास्त व्होल्टेजमुळे होणाऱ्या बिघाडावरचा उपाय २०२४ च्या मायक्रोकोडमधून (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या अपडेटमधून, तेही बायोसबरोबर येतं) आला.

मग रॅम किती दिसते ते पाहा. ३२ च्या जागी १६ जीबी दिसत असेल तर एक चॅनल (प्रोसेसर आणि रॅममधला एक मार्ग) गायब आहे. नवीन माणूस स्टिक खराब समजून दुकानात पळतो. थांबा. स्टिक काढून पुन्हा दाबून बसवा. तरीही तेच, तर कूलरचे स्क्रू थोडे ढिले करून परत आलटून पालटून आवळा. प्रोसेसरवरचा दाब एका बाजूला जास्त पडला की सॉकेटच्या दुसऱ्या बाजूच्या पिन नीट टेकत नाहीत, आणि त्यात मेमरीच्या पिन असल्या तर अख्खं चॅनल जातं. इतकं करूनही फरक पडला नाही, तर प्रोसेसर काढून सॉकेटची एखादी पिन वाकली आहे का ते उजेडात पाहा.

चाचणी, आणि ती कुठल्या ऋतूत

एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी प्रोसेसर मूळ सेटिंगवर ठेवून रॅम तपासा, मग प्रोसेसर ओव्हरक्लॉक करा. दोन्ही एकदम केलं तर चूक कुणाची ते कळणार नाही. रॅमसाठी पेन ड्राइव्हवरून चालणारं मेमटेस्ट८६, नंतर विंडोजमध्ये टेस्टमेम५. प्रोसेसरसाठी सिनेबेंच आणि वाय-क्रंचर. शेजारी सेन्सरचे आकडे दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो उघडा ठेवा. डीडीआर५ च्या स्टिकवर तापमानाचा सेन्सर असतो, त्यामुळे प्रत्येक स्टिकचा आकडा वेगळा दिसतो.

७७००एक्स पूर्ण भाराखाली ९५ अंशांकडे गेला तर लगेच कूलरला दोष देऊ नका. ती त्याची ठरलेली कमाल मर्यादा आहे आणि तिथपर्यंत जाण्याइतकी मुभा त्याला दिलेलीच आहे. पाहायचं हे, की तिथे त्याचा वेग किती टिकतो.

यानंतरची चाचणी बहुतेक लोक करत नाहीत, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. मेमटेस्ट चालू असताना ग्राफिक्स कार्ड थंड असतं. गेम खेळताना तेच कार्ड दोन-तीनशे वॅटची उष्णता सोडतं, ती वर चढते आणि रॅमवर, कूलरच्या पुढच्या पंख्याच्या तोंडाशी येते. रात्रभर बिनचूक चाललेली रॅम गेममध्ये तासाभरात कोलमडते ती यामुळे. म्हणून ग्राफिक्सवर भार देणारा प्रोग्राम आणि टेस्टमेम५ एकत्र चालवा, काच लावून. स्टिक ५० ते ५५ अंशांत राहिल्या तर उत्तम. ६० ओलांडत असतील तर कॅबिनेटच्या पुढच्या पंख्यांचा वेग वाढवा, वरच्या बाजूला मागच्या टोकाला एक पंखा लावून गरम हवा बाहेर काढा. तेही पुरलं नाही तर टायमिंग थोडी सैल करा. एच५१० सारख्या बंद तोंडाच्या कॅबिनेटमध्ये हा त्रास जास्त होतो, जाळीदार तोंडाच्या कॅबिनेटमध्ये कमी.

एअर कूलर खोलीतल्या हवेपेक्षा थंड काहीच करू शकत नाही. प्रोसेसर आणि खोली यांतला फरक तेवढा तो राखतो. जानेवारीत पुण्यात २२ अंशांच्या खोलीत पास झालेली सेटिंग मे महिन्यात नागपुरात किंवा चंद्रपुरात ३८ अंशांच्या खोलीत चालवली, तर प्रत्येक आकड्यात साधारण १६ मिळवा. प्रोसेसर वेग कमी करून स्वतःला वाचवेल. रॅमकडे तशी सोय नाही, ती सरळ चुका करेल. म्हणून हिवाळ्यात मशीन जोडत असाल तर रॅमच्या तापमानात १५ अंशांची तरी सवड ठेवा, आणि एप्रिल-मेमध्ये एकदा पुन्हा तीच जोड-चाचणी लावा. त्याआधी कूलरच्या पात्यांमधली धूळ साफ करा. पंखा बोटाने धरून ठेवा आणि मग ब्लोअर मारा.

मशीन दुसऱ्या गावी न्यायचं असेल तर एक काम चुकवू नका. दोन पंख्यांसह डी१५ चं वजन १.३ किलोच्या वर आहे, आणि उभ्या कॅबिनेटमध्ये ते सगळं सॉकेटच्या आजूबाजूच्या चार स्क्रूंवर लटकतं. गाडीच्या सीटवर कॅबिनेट आडवं ठेवा, मदरबोर्ड खाली आणि कूलर वर उभा राहील असं. ट्रान्सपोर्टने पाठवणार असाल तर ग्राफिक्स कार्ड आणि कूलर दोन्ही काढून वेगळे बांधा. कूलर काढताना आधी मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट गरम करा, स्क्रू सोडा, आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवत सुटा करा. एएम४ वर सरळ वर ओढला तर प्रोसेसर कुलूपबंद सॉकेटमधून पिनांसकट बाहेर येतो. पोचल्यावर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी घाला, आणि पंखा लावण्याआधी रॅमच्या दोन्ही स्टिक पुन्हा एकदा अंगठ्याने दाबून पाहा.